हळू हाताची मुलगी

बाळांनो, दार वाजलं की तुमचे आजोबा उठत नसत, डोळे मिटून सांगत, "पाववाला. मागं तुझी बहीण." दार मलाच उघडावं लागे. माझी आई त्यांना 'टकटक जावई' म्हणायची.

सत्तरच्या दशकात ते लंडनला मेंदूवर संशोधन करत होते. मांजराच्या मेंदूत केसासारखी तार बसवली की जवळच्या अनेक पेशींचे विजेचे ठोके तिच्यात एकदम येतात. कुठला ठोका कुठल्या पेशीचा, हे पडद्यावर त्याची उंची-रुंदी पाहून वेगळं करायचं. "आय तांदूळ निवडते, मी ठोके निवडतो," असं ते सांगत.

एका सुट्टीत ते इकडं आपल्या बेटावर, पितों गावाला, माझ्या चुलतबहिणीच्या हळदीला टेपरेकॉर्डर घेऊन आले. आत आम्ही बायका गात होतो, ते बाहेर पुरुषांत. दुसऱ्या दिवशी टेप ऐकून त्यांनी आपल्या आईला सांगितलं, "ढोलकीवर दोघी आहेत. एकीचा हात दणदणीत. लग्नाला मला दुसरी पाहिजे, हळू हाताची."

"आयो! तोंड बघितलंस तिचं?"

"ठोका ऐकला ना."

ढोलकी कुणाकडची ते विचारून त्या माउलीनं लेकाला घेऊन आमचं पांपलमूस गावचं घर गाठलं. मला ते हळदीतच आवडले होते. तरी 'हळू हाताची तूच ना?' असं त्यांच्या आईनं विचारल्यावर चहा देता देता खरं तेच बोलले, "मावशी, ढोलकीवर मी एकटीच होते. गाणं जलद झालं की हात थकतो, थाप हळू पडते."

"म्हणजे दणदणीत पण तूच? आता रे?" त्यांनी लेकाकडे पाहिलं.

लाजायचं सोडून ते उडालेच. "माझंही तिकडं हेच चुकतंय! एकच पेशी भराभर ठोके देते, पुढचे बारीक होत जातात, आणि मी ते दुसरीचे धरतो!" मग माझ्या वडिलांना मांजरांविषयी सांगत सुटले. चहा निवला. लग्नाचं कुणी नावच काढेना. शेवटी मी ट्रे दाणकन टेबलावर ठेवला.

त्यांनी डोळे मिटले. "हीच," म्हणाले.

लग्नानंतर बो बासें गावच्या आमच्या घरात मी ओरडले की ते हात जोडत, "बाई, दुसरीला पाठवा."

त्यांच्या शेवटच्या आजारात मी पाऊल न वाजवता वावरत असे. एकदा औषधाची वाटी अलगद ठेवली, तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "हल्ली दुसरीच येते. पहिली कुठं गेली?"

मी टेबलावर जोरात थाप मारली. वाटी उलटली, औषध चादरीवर सांडलं.

"हां," ते हसले, "आता दोघी आल्या."