पूजेच्या दिवशीचं सेटिंग

"'नक्की सांगता येत नाही' असं लिहू या आणि पुढचा पेशंट घ्या," सर म्हणाले. सर म्हणजे धुळ्यातल्या आमच्या एमआरआय सेंटरचे मालक आणि रेडिओलॉजिस्ट. मी तिथली टेक्निशियन.

टेबलवर नाना होते, शिरपूरकडच्या एका शाळेची बस चालवणारे. ताप, डोकेदुखी, आणि बाजूने येणारं काही दिसेना. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते, तिच्यावरून डोळ्यांच्या नसा जातात. ती सुजली होती. जळगावचे सर्जन फोनवर म्हणाले होते, "गाठ की पू, एवढंच सांगा. पू असेल तर आजच नाकातून काढतो. उशीर झाला तर नजर गेलीच समजा."

पू ओळखायला डिफ्यूजन नावाचा फोटो काढतात. घट्ट पुवात पाण्याचे कण अडकतात, ती जागा चमकते. पण ग्रंथीच्या खालीच नाकामागची हवेची पोकळी. तिच्यामुळे नेहमीच्या झटपट पद्धतीत फोटो जत्रेतल्या आरशासारखा वाकडा येतो, नसलेली चमकही दिसते. नानांचा पहिला फोटो तसाच आला होता. मशीनमध्ये दुसरी पद्धत होती, टर्बो डिफ्यूजन. नाव टर्बो, चाल बैलगाडीची: सहा मिनिटं जास्त. पण हवेजवळ फोटो सरळ.

"सर, टर्बो लावते."

"हात लावायचा नाही! मशीनच्या पूजेच्या दिवशी इंजिनीअरने सेटिंग करून दिलंय. वर्ष झालं, मशीन एकदाही रुसलं नाही."

दारात नानांच्या पत्नी उभ्या होत्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "ताई, मशीन नवं शे ना? मंग फोटू असा वाकडा कसा?"

माझं डोकंच फिरलं. "सर, मग रिपोर्टमध्ये लिहा, चांगली पद्धत होती, पण मुहूर्ताचं सेटिंग मोडायचं नव्हतं. खाली सही तुमची."

सर चहाला निघून गेले. आमच्याकडे याला परवानगी म्हणतात.

टर्बोचा फोटो आला. वाकडेपणा गेला होता, ग्रंथीच्या मधोमध पांढरीशुभ्र चमक. पू! दोन्ही फोटो जळगावला पाठवले, मागोमाग नानांनाही. संध्याकाळपर्यंत पू निघाला. नजर बरीचशी परतली. बस चालवणं मात्र सुटलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे डॉक्टरांच्या सभेत सरांनी तेच दोन फोटो पडद्यावर लावले. कोणीतरी विचारलं, "मग वर्षभर जुनी पद्धत कशाला वापरलीत?"

"तुलनेसाठी," सर म्हणाले.

टाळ्या पडल्या. हट्ट पडद्यावर चढवला की त्याचा अभ्यास होतो, हे मी तिथे शिकले. त्या वर्षभरात वाकडे फोटो घेऊन घरी गेलेल्यांना सभेचं बोलावणं नव्हतं.