ओल्या सोयाबीनची बरणी

मध्य प्रदेशातल्या आमच्या देवासच्या शाळेत मुले सोयाबीनला तारा लावतात. मुलांनो, तुमच्या शाळेतल्या चालणाऱ्या रोबोटपुढे हे साधे वाटेल. पण सोयाबीनच्या दोन बरण्यांपायी धारच्या विज्ञान प्रदर्शनात माझी कशी फजिती झाली, ते तुम्हाला सांगायचे आहे.

आठवड्यातून दोन दिवस मी घराजवळच्या शाळेत जाते. तंत्रज्ञानाचे सर मुलांकडून स्वतःच्या हाताने वस्तू करून घेतात, आणि वह्या माझ्याकडे असतात. काय वाटले, काय केले, काय झाले, असे तीन रकाने. मी जन्मभर इंग्रजी शिकवले, मुले हिंदीत लिहितात, आणि रकान्याबाहेर गेलेली ओळ मला कुठल्याच भाषेत खपत नाही.

आठवीतली एक मुलगी बदनावरची, इथे मामांकडे राहते. घर मराठी, पण मराठी वाचताना अडखळते. तिचे वडील बदनावरच्या मंडीत धान्य खरेदी करतात. सोयाबीनमध्ये नमी, म्हणजे ओलावा, किती, हे दाणा दाताखाली धरून सांगतात. हिने ते काम यंत्राला शिकवायचे ठरवले. बरणीत दोन खिळे, खिळ्यांना तारा, तारांना सरांनी दिलेले छोटे सर्किट. दाणे ओले असले की वीज जास्त वाहते आणि सर्किटवरचा आकडा चढतो.

दिवाळीत वडील तिला म्हणाले होते, "धारच्या प्रदर्शनाला मी येतो. मशीन खरं बोलली तर देवासला शीक. खेळणं निघालं तर मार्चनंतर घरी." गावच्या शाळेत अशी प्रयोगशाळा नव्हती. तिला देवासलाच राहायचे होते.

प्रदर्शन शनिवारी होते. बुधवारी तिने सुक्या आणि ओल्या दाण्यांच्या दोन्ही बरण्या तपासल्या, आकडे बरोबर आले, आणि चिठ्ठ्या लावायला बरण्या माझ्याकडे दिल्या. घरी येऊन पाहते तर एका बरणीला आतून घाम आलेला. मुलांनो, माळव्यात संसार केलेली कुठलीही बाई दमट धान्य बंद ठेवणार नाही, बुरशी धरते. मी त्यातले दाणे गच्चीवर जुन्या धोतरावर पसरले. दोन दिवस कडक ऊन दिले. मग पुन्हा भरले आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली: ओले. आपण काय केले, हे मनातसुद्धा आले नाही.

धारला वडील सकाळीच येऊन उभे होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, खिळे स्वतः दाण्यांत खुपसले. आकडा सुक्या बरणीइतकाच.

"बेटा, तुझी मशीन तर ओल्याला सुकं म्हणते."

सर तिच्या कानाशी वाकले. "दोन मिनिटं दे, आकडा वाढवून देतो."

"नको सर," ती म्हणाली. "बुधवारी बरोबर होतं. मशीन तीच आहे. दाणे बदलले असतील."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सबंध शाळेला नेटकेपणा शिकवणारी मी; क्षणभर गप्प राहावेसे वाटले, हे खरे. पण ती पोर नुसती बरणीकडे पाहत होती.

"दाणे मी वाळवले," मी म्हणाले. "गच्चीवर. दोन दिवस."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले, एक दाणा तोंडात टाकला. कट्ट आवाज आला. "सुकं आहे. कडक." मग सरांकडे वळून माळवी थाटात म्हणाले, "भिया, इतकं छान वाळवून आमच्या मंडीत कोणी आणत नाही. आजींना आमच्याकडे पाठवा."

सगळे हसले, मीही. मुलगी मात्र हसली नाही. तिने बाटलीतले पाणी दाण्यांवर शिंपडले, बरणी हलवली. आकडा भराभर चढला.

"हे बघा, ओलं."

वडिलांनी त्यातला दाणा चावला आणि मान हलवली. "वरून ओलं, आतून सुकं. दात सांगतो. तुझी मशीन फसली."

तिने वही उघडली. मग ‘काय झाले’च्या रकान्यात लिहू लागली. वडील वाकून वाचत होते.

"हे ठीक करता येतं?" त्यांनी विचारले.

"येईल. पण खिळ्यांनी नाही. दाणे दळून बघावे लागतील. आणि मला शिकावं लागेल अजून."

"मार्चपर्यंत होईल?"

"नाही होणार, बाबा."

त्यांनी तोंडातला भुगा रुमालात टिपला आणि तिथेच उभ्या उभ्या तिच्या मामांना फोन लावला. "मेहुणे, पोरीची खाट आणखी एक वर्ष राहू द्या तुमच्याकडे. हो, तिचं काम अर्धं राहिलंय."