शेंदराखालची खूण

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी — फिजिक्स, सेकंड क्लास. तेव्हा हे वाचून कोणी मला अंगारे-धुपारे सुचवू नयेत. घडलं तेवढं सांगतो.

साल पंचावन्न-छप्पन असेल. अंधेरीला कुर्ला रोडवर बाबांची मोटार दुरुस्तीची पत्र्याची शेड होती. जवळच्या एका प्रसूतिगृहाची व्हॅन तिथेच उभी असायची. मिलिटरीच्या लिलावातली, पार खटारा. सेल्फ कधीच गेलेला, पुढून हँडल मारून सुरू करायची. बॉनेटची कडी तुटलेली, म्हणून ते सुतळीने बांधलेलं. ड्रायव्हर नाना मालवणकडचे, पन्नाशीचे. एकदा दुसऱ्या कुठल्या गाडीचं हँडल उलटं बसून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. डॉक्टरने बजावलं होतं — पुन्हा मोडलं तर स्टिअरिंग विसरा.

बाबा वारले त्याला महिना झाला होता. नोकरी लागेपर्यंत शेड मीच बघत होतो. एका संध्याकाळी व्हॅनचं ट्यूनिंग काढलं. बाबा चौथी शिकलेले, टायमिंग कानाने लावायचे. मी पुस्तक आणलं होतं. इंजिनात ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी शेंदराचा जाड थर होता, बाबा दर दसऱ्याला लावायचे. मला हसू आलं... इंजिनाला कसला शेंदूर? पेट्रोलच्या फडक्याने पुसून टाकला. मग चालू इंजिनवर डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग पुस्तकाप्रमाणे पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी जरा आधी पडते आणि गाडीला जोर येतो. आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, बाबा फार चढं ठेवायचे, पेट्रोल फुकट. तेही स्क्रू फिरवून उतरवलं. डिस्ट्रिब्युटरचा नट आवळला आणि नटावरून खालपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली — नट हलला तर रेघ तुटणार.

नाना बघत होते. "वसंता, बापाशीन लावलेला कित्याक हलवतंस?"

"पुस्तकात आहे तेच केलंय, नाना. उद्या चढाला बघा कशी पळते."

इंजिन बंद केलं, बॉनेट बांधलं, शेडला कुलूप लावलं.

सकाळी चहा पिता पिता पुस्तक पुन्हा चाळलं. पानाच्या तळाशी बारीक टीप होती — गाडी हँडलने सुरू करायची असेल तर टायमिंग मागे ठेवावं, नाहीतर हँडल उलटं फिरून हात मोडेल. मी ती वाचलीच नव्हती.

"आई, शेडची चावी?"

"नाना घेऊन गेले की आत्ताच. जोगेश्वरीची बाई अडलीय म्हणे."

अनवाणी पळालो. कोपऱ्यावरच इंजिन ऐकू आलं आणि पाय थांबले. मी लावलेला आवाज नव्हता तो. चढं आयडलिंग... बाबांचं.

नाना हँडल सीटखाली ठेवत होते. "लोण्यासारखा फिरला रे. माका उगाच भ्या वाटला."

"बॉनेट कोणी उघडलं?"

"माका काय कळता त्यातला? गाठ तुझीच आसा, बघ."

गाठ माझीच होती. ती सोडली. नटावरची पांढरी रेघ अखंड, वाळलेली. आणि डिस्ट्रिब्युटर मागे आलेला. शेंदूर पुसलेल्या जागी आता दिसलं — छिन्नीने कोरलेली बारीक खूण, अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी खालच्या इंजिनावर. खाचेत शेंदूर उरला होता. दोन्ही अर्ध्या एका रेषेत. म्हणजे तो शेंदूर नुसत्या पूजेचा नव्हताच, टायमिंगची खूण दिसावी म्हणून होता. चौथी शिकलेल्या माणसाची युक्ती बी.एस्सी.ला कळली नव्हती.

थरथरीने सरकला म्हणावं तर रात्रभर इंजिन बंद. चावी आमच्या घरात खुंटीवर. कॉलेजातल्या सरांना विचारलं. म्हणाले, "नट नीट आवळला नसशील."

"आणि आयडलिंगचा स्क्रू, सर?"

सर फळा पुसायला लागले.

त्या दिवशी पेशंट पोचवून आल्यावर नाना चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत होते, "पोरान बापाशीचो हातगुण घेतलान हां." मी मान खाली घालून चहा प्यायलो. पुढे कित्येक वर्षं नाना त्याच मनगटाने तेच हँडल मारत होते, आणि भेटेल त्याला हेच सांगत होते. ते काम माझं नव्हतं, एवढं त्यांना सांगायचं माझ्याच्याने कधी झालं नाही. मग कोणाचं?