माझ्या नावची मूठ

आमच्या गावाला दक्षिणेची काशी म्हणतात. लांबून लांबून लोक येतात, तापीच्या घाटावर आपल्या माणसांच्या अस्थी सोडतात, आंघोळ करतात आणि मोकळे होऊन स्टँडवर भजी खात बसतात. मी मात्र काडीमोड घेऊन याच गावात माहेरी परत आले, तेव्हापासून एका मुठीसाठी अडकून बसले आहे. मूठभर गव्हासाठी. हसा खुशाल, माझा भाऊही हसला होता.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशात हे कुणाला सांगायला नको, पण बाहेरच्यांना सांगावं लागतं. नारळाची देवी, नथ घातलेली. रविवारी चौरंगावर बसवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. आमच्या कुळाचा नारळ सोडत नाहीत, पाण्याला टेकवून घरी आणतात आणि पुढच्या श्रावणापर्यंत देवघरात ठेवतात. आणि मग रोट. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्या पिठाच्या पोळ्या पौर्णिमेच्या आत संपवायच्या. खायच्या फक्त कुळातल्यांनी. शेजाऱ्याला तुकडा नाही, गाईला नाही, भांडी धुतलेलं पाणीसुद्धा अंगणाबाहेर जाऊ द्यायचं नाही. लग्न करून दिलेल्या मुलीलाही नाही, कारण तिचा रोट सासरी.

माझा कुठला आलाय सासरी! तिथे आता दुसरी सून आहे, मूठ तिच्या नावाची निघते. म्हणजे सबंध मुलखात अशी एकही परात नाही जिच्यात माझ्या नावचे गहू पडतात. लोणखेड्याच्या कॉलेजात नोकरी आहे, रोजची भाकरी मी कमावते, आईचं औषधपाणी बघते, तेव्हा प्रश्न पोटाचा नाही. मी कुठल्या घरची, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

पूर्वी आमच्या भाऊबंदांनी अख्खी गल्ली भरलेली असायची. हळूहळू सगळे सुरतेकडे सरकले, भाऊ पुण्याला गेला. वडील वारले तशी आई कानबाईपासून मागे सरली, विधवेने पुढे व्हायचं नसतं म्हणून. पण एक श्रावण असा आला की पुढे व्हायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. तेव्हा आईनेच पदर खोचला, नारळाला नथ घातली, आणि देवी काही कोपली नाही. नियम वाकतो हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून धीर करून म्हटलं, आई, माझीही एक मूठ काढत जा. ती म्हणाली, भाऊला विचारते.

आईने फोन स्पीकरवर ठेवला होता. भाऊने आधी हसून घेतलं. ताई, तू एवढी शिकलेली, तुला हे कुठून सुचलं, म्हणाला. मग आवाज बदलून आईला सांगितलं की आहे ते चालू दे, उगाच नवा पायंडा नको. अहो, कानबाई कधी बसते हे ज्याला दरवर्षी फोन करून सांगावं लागतं, त्याला पायंड्याची काळजी! मी फोन हातात घेतला नाही. घेतला असता तर शोभा झाली असती.

यंदा तो बायको-मुलासकट येतो म्हणाला. आईचे पाय जमिनीवर ठरेनात. मी रजा टाकली, घर सारवलं, पुसलं, गहू निवडले. शनिवारी परात धरून मीच बसले होते. आई एकेकाचं नाव घेई आणि गहू टाकी. भाऊचे, सुनेचे, नातवाचे, शेवटी स्वतःचे. मग तिचा हात पुन्हा गव्हात गेला. देवाशप्पथ सांगते, मी परात पुढे सरकवली. थोडा वेळ हात तसाच राहिला, मग तिने तो रिकामाच बाहेर काढला आणि पदराला पुसला. मी परात उचलून गिरणीत गेले.

रविवारी दुपारी भाऊचा फोन आला. मुलाच्या क्लासची परीक्षा मध्येच आली होती, जमत नव्हतं, व्हिडिओवर दर्शन घेतो म्हणाला. कानबाईसमोर फोन धरून मीच उभी राहिले. भाच्याने तिकडून देवीला हात हलवला.

सोमवारी आम्ही दोघीच नदीवर गेलो. वर बंधाऱ्याचे दरवाजे उघडले होते, गढूळ पाणी घाटाच्या पायऱ्या चढून आलेलं. पूर्वी परतताना मूठभर वाळू घरी आणायचे, ती वाळू डंपर भरभरून कधीच गेली. आईने पायरीवरचा चिखल पदरात घेतला.

मग ते पीठ. नावं घेऊन काढलेले गहू परत कोठीत टाकता येत नाहीत, त्यामुळे सगळ्यांचा रोट आई एकटी खात बसली. साखर वाढलेली, दात हलणारे, तरी दोन्ही वेळा तेच. शेगडीच्या एका बाजूला तिची पोळी, दुसऱ्या बाजूला माझी भाकरी. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

पौर्णिमेला तिला घास उतरेना. पोळ्या उरल्या. तिने उठून दार लोटलं, एक पोळी माझ्यापुढे धरली आणि हळूच म्हणाली, "खाई ले. कोन देखस?"

मला भूक होती. हातही पुढे झाला असेल, नाही म्हणत नाही. पण दार लोटून खायला मी काय चोर आहे?

"यामा मन्ही मूठ शे का?" मी विचारलं.

तिने पोळी ताटात ठेवून दिली.

उरलेला रोट पुरायचा असतो. तिचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून परसात खड्डा मी खणला. दळून आणायला मी चालते, पुरायलाही चालते. आई उंबऱ्यावर बसून बघत होती. आता तरी म्हणेल, पुढच्या वर्षी तुझी काढीन. माती लोटता लोटता मी वाट बघत होते, लाज वाटते सांगायला.

"मी मरसू तव्हय कानबाईना नारळ तापीमा सोडी देजो," ती म्हणाली. "भाऊले जमाव नही."

मी बरं म्हटलं. मग तिचं ताट घासलं, आणि धुतलेलं पाणी अंगणाबाहेर जाऊ नये म्हणून त्याच खड्ड्यावर ओतलं.