ओल्हामावशींच्या गावातला चोर

बीट सोलताना ओल्हामावशी कुणावर तरी चिडायच्या. "तो ह्नात! आमचं बदक पळवलं मेल्यानं!" डेट्रॉइटच्या आमच्या गल्लीत बदकं चोरणारा हा कोण, मला कळेना. पुढे समजलं, ह्नात त्यांच्या युक्रेनमधल्या गावचा, आणि तो मरून पन्नास वर्षं होत आली होती.

मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. दिवसा युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री, उरलेल्या वेळात निषेध. पुण्यात कॉलेजपासून पत्रकं लिहायची सवय; प्रेमपत्र लिहिलं असतं तर त्याखालीही मागण्या घातल्या असत्या.

१९३२-३३ मध्ये मावशींच्या गावातलं धान्य सोव्हिएत सरकारनं झाडून नेलं. माणसं उपाशी मेली. उरलेली युद्धात पांगली. अमेरिकेत त्या गावचं दुसरं कुणीच नव्हतं. चर्चच्या हॉलमध्ये दुष्काळाच्या स्मरणाची सभा ठरली, तेव्हा गावाबद्दल मावशींनीच बोलायचं होतं. "पत्रक मी लिहिते," मी म्हटलं. माझं रक्त उसळलं होतं. विषयही आयताच मिळाला होता म्हणा.

रात्री जेवणानंतर मी वाचून दाखवलं : "कष्टाळू, निष्पाप, एकदिलानं नांदणारं गाव..."

"हे कुठलं गाव?"

"तुमचंच, मावशी."

"एकदिलानं? अगं पोरी, चर्चमध्ये पुढे कोण उभं राहणार यावरून हाणामाऱ्या व्हायच्या आमच्यात. आणि ह्नात कुठाय?"

"चोर कसा घालू? लोक म्हणतील, बरं झालं मेला."

"म्हणू देत. देवाकडे संत ढीगभर आहेत. शेजारी कुठून आणशील?"

"मावशी, चळवळीला शिस्त लागते."

"माझ्या स्वयंपाकघरालाही लागते. बूट काढ आधी."

सभेत मी माझं एकदिलाचं पत्रक वाटलंच. लोकांनी त्यावर कॉफीचे कप ठेवले. मावशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी ह्नातच्या चोऱ्या सांगायला सुरुवात केली. एकदा तो पाद्रीबाबांची घोंगडी चोरून त्यांनाच विकायला गेला होता! हॉल खो खो हसला. मी मात्र लाजेनं खुर्चीत रुतले. शोकसभेची जत्रा केली बाईंनी!

हसणं ओसरू दिलं त्यांनी. मग म्हणाल्या, "आता ओळखता ना त्याला? त्या वसंतात तो आमच्या विहिरीपाशी मेला. उचलून न्यायला कुणाच्यात ताकद नव्हती."

माझ्या पत्रकात उद्गारचिन्हं भरपूर होती. त्यांच्या बोलण्यात एकही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. चर्चमध्ये वाचायला चार ओळी लिहून द्या, असं फादरनी मलाच सांगितलं. हात सवयीनं 'कष्टाळू, प्रेमळ' लिहून मोकळा झाला. ते खोडून मी लिहिलं, 'पत्त्यांत फसवायच्या. पकडलं की चिडायच्या. सूप खारट झालं तर आमच्या जिभेला नावं ठेवायच्या.'

फादरनी दोनदा वाचलं. "हे असं वाचायचं?"

"असंच वाचा," मी म्हटलं. "ज्यांनी त्यांना पाहिलं नाही, त्यांनाही कळू दे कोण गेलं ते."