आवक चालू, जावक बंद

माझ्या भाचीचं लग्न परवावर आलं होतं आणि मी चेन्नईत संगणकासमोर बसून एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. मेल जात नव्हती.

मेलमध्ये मंगलाष्टकं होती. आमच्याकडे ती घरच्या बायकाच रचतात. मग ती छापून आलेल्या पाहुण्यांच्या हातात देतात. भाचीची आई म्हणजे माझी धाकटी बहीण आता नाही, त्यामुळे आईकडचं कडवं मावशीकडे आलं. लग्नाला जाता येणार नव्हतं, कारण आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. निदान कडवं तरी पोचायला हवं, नाही का?

तुम्ही म्हणाल, फोनवरून सांगायचं की. सांगितलं होतं एकदा, दिरांच्या मुलीच्या वेळी. ‘निघाली कन्या सासरी’चं ‘निघाली कन्या सागरी’ छापून आलं आणि भर मांडवात लोक हसले. हाताने लिहिलेल्याचा फोटो पाठवला तर प्रेसवाल्याला माझं अक्षर लागत नाही. म्हणून मी संगणकावर टाइप करायला शिकले. कुणी शिकवलं नाही, हे दाबून बघ, ते दाबून बघ, असंच.

गंमत अशी की मेल येत होत्या. भाचीची आली: ‘मावशी, प्रेसवाले काका सातला शटर ओढतात. उद्या प्रेस बंद. पाठवतेस ना?’ ती मी वाचली, उत्तर लिहिलं आणि तेही माझ्याच मशीनमध्ये अडकून बसलं. आवक चालू, जावक बंद. हे असं कसं होतं, याचंच मला नवल वाटायला लागलं. रस्ता एकच असेल तर येणाऱ्याला मोकळा आणि जाणाऱ्याला बंद कसा?

इंटरनेटचं कनेक्शन आम्ही आठवड्यापूर्वीच बदललं होतं. भिंतीवरची दिव्यांची डबी बंद करून चालू केली. वायर काढून फुंकर मारून परत लावली. टी. नगरच्या एका दुकानाच्या साड्या उघडून बघितल्या, भराभर आल्या. एक मोरपंखी तर फार छान होती. म्हणजे इंटरनेट ठीक. मेल मात्र तिथेच.

शेवटी नव्या कंपनीला फोन लावला. एक मुलगी तमिळमध्ये बोलत होती. माझं तमिळ भाजीवालीपुरतं पक्कं आहे. ती म्हणाली, “अम्मा, पोर्ट ब्लॉक आयिरुक्कु. ट्वेंटीफाइव.” पोर्ट बंद आहे, पंचवीस. मी “सरि, सरि”, म्हणजे बरं बरं, म्हणून फोन ठेवला.

आता आमचे हे आयुष्यभर जॉर्ज टाउनमध्ये, बंदरातला माल सोडवून देणाऱ्या कचेरीत होते. आमच्या घरात पोर्ट म्हणजे बंदर, दुसरं काही नाही. आणि इंटरनेटच्या तारा इथे समुद्रातूनच येतात, हेही ह्यांनीच मला सांगितलेलं. मग मी काय समजणार? वादळ येतंय, बंदर बंद केलंय, म्हणून माझी मेल बाहेर पडत नाही. गच्चीवरचे कपडे आधी काढून आणले.

“अहो, बंदर बंद झालंय.”

हे काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसले होते. “कुणी सांगितलं?”

“इंटरनेटवाल्या मुलीने. पंचवीस नंबरचं सिग्नल लागलंय.”

“अगं, बंदरावर वादळाची सिग्नलं अकरापर्यंतच असतात. पंचवीस लागलं तर तुला सांगायला ती मुलगी राहील का जागेवर?”

“पण मेल जात नाही हे खरं.”

“तुझी मेल काय बोटीने जाते?”

“तारा समुद्रातून जातात म्हणून तुम्हीच सांगता ना.”

ते खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले, “मेल येतायत ना? बंदर बंद झालं की आत येणारंही थांबतं. हे दुसरंच काहीतरी आहे. एक गेट बंद असेल. आम्ही अशा वेळी दुसऱ्या गेटने लॉरी काढायचो. तिला विचार, दुसरं गेट कुठलं.”

पुन्हा फोन लावला. नशिबाने तीच मुलगी. मी विचारलं, “हार्बरला दुसरं गेट आहे का?” ती इतकी हसली की मलाही हसू आलं. मग तिने नीट सांगितलं. संगणकातून बाहेर पडायला नंबर घातलेल्या वाटा असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पंचवीस नंबरची वाट कंपनी घरच्या कनेक्शनला बंद ठेवते, कारण एखाद्याच्या संगणकात कीड शिरली की त्याच्या नकळत तिथून हजारोंना कचरा मेल सुटतात. येणाऱ्या मेलची वाट निराळी, म्हणून ती चालू. पाठवायच्या सेटिंगमध्ये पंचवीस खोडायचं, पाचशे सत्याऐंशी लिहायचं आणि सुरक्षिततेच्या चौकटीत खूण करायची.

म्हणजे ह्यांचं गेट बरोबरच होतं. ह्यांना ते सांगितलं नाही, नाहीतर रात्रीच्या जेवणापर्यंत ऐकावं लागलं असतं.

नंबर बदलला, बटण दाबलं. बाहेर जायच्या खणात अडकलेल्या मेल एकामागून एक नाहीशा झाल्या. मी कितीतरी वेळ त्या रिकाम्या खणाकडे बघत बसले. कुठून गेल्या असतील आता?

सातच्या आत भाचीचा फोन आला. प्रेसमध्येच उभी होती, मागे मशीनचा खडखडाट. माझं कडवं तिने चालीवर म्हणून दाखवलं. आईच्या नावापाशी थांबली.

“मावशी, इथे ‘कै.’ राहिलंय. पत्रिकेत आहे.”

“वृत्तात बसत नाही गं,” मी म्हटलं.

मग तिने प्रेसवाल्याला सांगितलेलं मला ऐकू आलं, “काका, आहे तसंच छापा.”

फोन ठेवला तर ह्यांनी खुर्चीतून विचारलं, “मग कपडे परत वाळत घालतेस ना?”