अप्पांसाठी हेडफोन

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, कान लहानपणापासून वाहायचा. सत्तरीनंतर ऐकणं जवळजवळ गेलंच. घरात आम्ही इतकं ओरडून बोलायचो की आमच्या भाजीत मीठ किती पडलं ते गल्लीला कळायचं. फोनवर मात्र ओरडूनही भागत नसे. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, उमरग्याला दिलेली. तिचा दर सोमवारी फोन यायचा आणि मी मधला माणूस. तिचं ऐकायचं, अप्पांच्या कानात ओरडायचं. खोटं कशाला बोलू, मला वैताग यायचा. ती दहा वाक्यं बोलली की मी एकच सांगायचो, "बरी हाय म्हणते."

आमच्याकडं नागपंचमीला भावानं जाऊन बहिणीला माहेरी आणायचं असतं. अप्पांनी एक वर्ष चुकवलं नव्हतं. औंदा आत्यानं अंथरूण धरलेलं, तरी फोनवर म्हणाली, "तम्माला म्हणावं न्यायला ये. एकदा घर बघू दे." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आता असल्या बाईला बसमधून कोण आणणार? त्यात सोयाबीनची फवारणी तोंडावर आलेली. मी अप्पांच्या कानात ओरडलो, "यंदा येऊ नको म्हणते. पाय दुखायलेत."

"असं म्हणली?" एवढंच बोलले. पंचमीला दिवसभर ओसरीत बसून होते, पुरणाचं ताट तसंच राहिलं.

मनाला लागलं माझ्या. म्हणून त्यांना कलबुर्गीला नेलं, हेडफोन घ्यायला. दुकानदारानं आधी कानात बसणारे दाखवले, पण वाहत्या कानात काही घालायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. मग वाटीएवढे, कान झाकणारे. आवाज पुरा वाढवला तरी अप्पा नुसते बघत राहिले. शेवटी त्यानं कानापुढच्या हाडावर टेकणारे काढले. "ह्यात आवाज हाडातून जातो," म्हणाला. ते लावले आणि अप्पांचा चेहरा असा उजळला की माझेच डोळे भरले.

तिथंच त्यांनी आत्याला फोन लावायला सांगितला. पहिल्यांदा मी मधे नव्हतो. "व्हय अक्का," म्हणाले, मग बराच वेळ नुसते ऐकत होते. "येतो" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडं वळले.

"पंचमीला पिशवी भरून बसलती म्हणे. तिनं ये म्हणलं व्हतं?"

मी खाली बघत होकाराची मान हलवली. तिथूनच आम्ही उमरग्याची बस धरली.

आत्याचा आवाज अगदी बारीक झालेला. हेडफोन फोनपुरतेच, समोर बसलेल्या अप्पांना तो कुठला ऐकू येणार? पुन्हा मीच मधे. "कामून आला न्हाईस रे तम्मा?" तिनं विचारलं. ह्या वेळी मी एक शब्द गाळला नाही, सगळ्यांच्या देखत जसंच्या तसं ओरडलो.

अप्पांनी तिचा हात धरला. "फवारणी व्हती अक्का. सवड झाली न्हाई."

आत्यानं तोंड भिंतीकडं केलं. चौथ्या दिवशी ती गेली, भावाला आपल्यापेक्षा फवारणी मोठी झाली असंच समजून.